एका गाडीला दोन दांडे

शनिवारी दुपारी सव्वादोन वाजता गाडी गॅरेजमध्ये शिरली. तीन वाजता बहीण-भावाचं बोलणं बंद झालं होतं. मधल्या पाऊण तासात गाडीतल्या एकाच वस्तूला हात लागला होता, ती म्हणजे गिअरचा दांडा.

बहीण चष्म्यांच्या दुकानाची मालकीण. डोळे तपासून नंबर काढायचं काम ती स्वतः करायची, फ्रेमा विकायचं काम नवऱ्याकडे होतं. भाऊ तिच्याहून बराच लहान, जाहिराती लिहिणारा. साबणापासून सिमेंटपर्यंत कुठलीही वस्तू त्याला तीन शब्दांत अप्रतिम करता यायची, आणि घरी येताना ही सवय काही तो चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवत नसे. घरात सगळे त्याला बाळ्या म्हणत. टक्कल पडायला लागलं तरी बाळ्याच.

गाडी दोघांची, अर्धी अर्धी. दोनच जणांना जागा असलेली, जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी, हातानं गिअर टाकायची जुनी स्पोर्ट्स कार. एक रविवार ताईचा, एक बाळ्याचा आणि महिन्यातला शेवटचा दोघांचा. त्या दिवशी गाड्यांचा क्लब शहराबाहेरचा डोंगररस्ता रहदारीला बंद करून घ्यायचा आणि चढणीची शर्यत लावायचा. नियम असा की जोडीनं उतरायचं. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं शेजारी बसून पुढची वळणं सांगायची, मग खाली येऊन जागा बदलायच्या. दोघांच्या वेळांची बेरीज धरायची. बक्षीस म्हणून एक पत्र्याचा कप मिळत असे आणि तो त्यांना आजवर मिळालेला नव्हता. पण आठवडाभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारणाऱ्या ताईला महिन्यातली ती चार मिनिटं पुरायची. शिवाय त्या चार मिनिटांत बाळ्या एकही विशेषण वापरत नसे.

गेल्या खेपेला मात्र गडबड झाली. पाण्याच्या टाकीपाशी एक वळण आहे. ते संपलं की दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जायचं. चालवत होता बाळ्या. त्यानं दांडा पुढे ढकलला आणि तो तिसऱ्याऐवजी पहिल्यात गेला. मागची चाकं जागच्या जागी धरली गेली, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि थांबली तेव्हा ताईच्या दाराच्या आणि दगडी कठड्याच्या मध्ये वीतभर जागा होती. कुणाला खरचटलंही नाही. बाळ्यानं इंजिन बंद केलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "हा दांडाच भिकार आहे."

तेव्हापासून दांडा हा एकच विषय होता.

बाळ्याला शॉर्ट शिफ्टर हवा होता. म्हणजे गिअरचा असा दांडा, की हात थोडासा हलवला की गिअर बदलतो. त्यानं पाच आठवडे वाचन केलं. इतकं वाचन त्यानं पदवीसाठी केलं असतं तर आईला चारचौघांत खोटं बोलावं लागलं नसतं. रोज सकाळी ताईच्या फोनवर दांड्यांचे फोटो येऊन पडत. पितळेचा, पोलादाचा, खालून रबर लावलेला, बिनरबराचा. सोबत मजकूर: 'बघ. फक्त बघ.' ती दुकानात एखाद्या आजोबांना पाटीवरची शेवटची ओळ वाचायला लावत असायची आणि खिशात फोन थरथरायचा.

ताईचं म्हणणं वेगळं होतं. शॉर्ट शिफ्टरमध्ये जादू काही नसते. दांडा जिथे टेकून फिरतो त्याच्या खालचा भाग लांब केलेला असतो, म्हणून वर हाताला कमी फिरावं लागतं. त्या बदल्यात जोर जास्त लागतो. शिवाय सगळे गिअर एकमेकांच्या जवळ सरकतात. "ज्याला पहिला आणि तिसरा लांब लांब असताना सापडत नाही," ती फोनवर म्हणाली होती, "त्यानं ते आणखी जवळ आणायचे? कुठल्या शहाण्यानं सांगितलं?"

"मिस्त्रींनी," बाळ्या म्हणाला होता.

तिनं मिस्त्रीला फोन केला. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, तुमचं अगदी बरोबर आहे. जुनाच दांडा ठेवा, बुडाशी कड्या असतात ना, बुश, नुसते ते बदलू. झिजलेत ते, म्हणून ढिला लागतो." संध्याकाळी बाळ्यानं फोन केला तेव्हा मिस्त्री म्हणाला, "साहेब, बुश कसले बदलता, शॉर्ट शिफ्टरच टाका." हे दोघांनाही आज, गॅरेजमध्ये एकाच वेळी उभं राहिल्यावर कळलं.

"तुम्ही मला एक सांगता आणि हिला दुसरंच?" बाळ्या म्हणाला.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "साहेब, दोघंही जुनी गिऱ्हाइकं. कुणाला नाही म्हणायचं?"

आज मात्र कुणाला तरी नाही म्हणावंच लागणार होतं. उद्या महिन्याचा शेवटचा रविवार. क्लबचा प्रवेश अर्ज संध्याकाळी सहापर्यंत द्यायचा, त्यावर दोघांच्या सह्या लागतात आणि अर्ज देताना गाडी समोर उभी करून दाखवावी लागते. बाळ्यानं आपली सही गुरुवारीच ठोकली होती. खालची रेघ रिकामी होती. वळणावर गाडी फिरली त्या दिवसापासून ताई त्याच्या शेजारी बसलेली नव्हती. ती बसणार नसेल तर आपण दुसरा जोडीदार बघणार आणि गाडीतला आपला अर्धा हिस्सा विकून टाकणार, असं त्यानं जाहीर केलं होतं. दुसरा अर्धा विकत घ्यायची ताईची ऐपत नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं.

आणि ताईला काय हवं होतं? दांडा नकोच होता. तिला एक वाक्य हवं होतं. 'चूक माझी झाली.' संपलं. पाच आठवडे ती या वाक्याची वाट बघत होती आणि पाच आठवडे तिला दांड्यांचे फोटो येत होते.

तर दुपारी अडीचला दोन्ही दांडे बाकावर मांडले गेले. एक गाडीतून काढलेला जुना, त्याला नवे बुश. दुसरा बाळ्यानं मागवलेला शॉर्ट शिफ्टर, मखमली डबीत आलेला, एखाद्या बांगडीसारखा.

"भांडू नकोस," ताई म्हणाली. "आपण तपासू. माझ्या पद्धतीनं."

तिची पद्धत म्हणजे दुकानातली. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, ती एक काच लावते, मग दुसरी लावते आणि विचारते, पहिली बरी की दुसरी? तिनं बाळ्याला गाडीत बसवलं, डोळ्यांवर प्रवासात झोपायची काळी पट्टी बांधली. दोन्ही दांड्यांची वरची उंची मिस्त्रीनं सारखी करून ठेवली होती आणि मूठ एकच वापरायची ठरली होती. इंजिन चालू, क्लच दाबलेला. हातानं जे समजेल तेवढंच बोलायचं.

"पहिला बघ," ताई म्हणाली.

बाळ्यानं गिअर टाकले, काढले, परत टाकले. तोंड वाकडं केलं. "हा जुना. चिखलात काठी घातल्यासारखा. बुश बदलून काय उजेड पडला? ताई, हा दांडा नाही, ही तक्रार आहे."

"बरं. आता दुसरा."

मिस्त्रीनं पाने वाजवले, बोल्ट पिळले, दोनदा 'हं' म्हटलं. मूठ परत बसली. बाळ्यानं हात ठेवला आणि त्याचा चेहरा असा खुलला की ताईला क्षणभर वाईट वाटलं.

"हां! हा बघ. टाळी दिल्यासारखा बसतो. टक, टक. तिसरा तर आपण होऊन हातात येतोय. मिस्त्री, याला म्हणतात दांडा!"

"पट्टी काढ," ताई म्हणाली.

त्यानं पट्टी काढली. शॉर्ट शिफ्टर डबीतच होता. मखमलीतून हललेला नव्हता.

ही सुद्धा तिची दुकानातलीच युक्ती. गिऱ्हाईक खरं बोलतंय की सुटका व्हावी म्हणून बोलतंय हे बघायचं असलं की ती तीच काच दोनदा लावायची. दुसऱ्यांदा जो 'वा, आता किती स्पष्ट!' म्हणतो, त्याच्या उत्तरांवर ती चष्मा बनवत नसे.

मिस्त्री हसला आणि मग हसू नये असं लक्षात येऊन खोकला. बाळ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तू मला गिऱ्हाइकासारखं वागवलंस."

"गिऱ्हाइकांशी मी बरी वागते. त्यांना चहा विचारते."

"पाच आठवडे मी डोळे फोडून वाचतोय, आणि तू..."

"जे वाचलंस ना तेच हाताला जाणवलं तुला! तुझा हात सांगतच नाही, तुझं डोकं सांगतं. दांडा नवा आहे असं वाटलं की चांगला."

बाळ्या गाडीतून उतरला, दार धाडकन लावलं आणि टायरांच्या ढिगावर जाऊन पाठ करून बसला. तीन वाजले होते. बोलणं बंद झालं ते इथे.

मध्येच नवऱ्याचा फोन आला. दुकानात गर्दी होती. "एक बाई आल्यात, त्यांना जवळचं दिसत नाही, लांबचंही दिसत नाही. काय सांगू?"

"बसायला सांगा."

"ठरलं का तुमचं दांड्याचं?"

"तुम्हीपण सुरू करू नका," म्हणून तिनं फोन ठेवला.

अर्धा तास तसाच गेला. मिस्त्रीनं दुसऱ्या एका गाडीची दोन चाकं काढून, तपासून परत लावली. शेवटी त्यालाच राहवलं नाही. "मॅडम, साहेब, मला ही जागा मोकळी करून हवी. एकाला नवरदेवासारखं बसवलंत, आता दुसऱ्यालाही बसवा आणि मिटवा."

बाळ्या ढिगावरून उठला. "बरोबर आहे. ताई, बस. पट्टी बांध. आता मी विचारणार."

"मला काय तपासायचंय? मी काही नवीन दांडा मागितलेला नाही."

"बस गं. घाबरतेस?"

ती बसली. पट्टी बांधली. काळोखात इंजिनाची घरघर जवळची वाटत होती. पलीकडे मिस्त्रीची खटपट, बाळ्याची कुजबुज, मग मूठ तिच्या हाताखाली आली. ती मनाशी हसली. बाळ्या तीच युक्ती करणार, जुना दांडा दोनदा ठेवणार, हे तिला दिसतच होतं.

तिनं सावकाश, दुकानातल्यासारखं, एकेक गिअर टाकला. पहिला. दुसरा. तिसऱ्याला हात जरा थांबला. परत केलं. परत थांबला. दुसऱ्यातून वर येताना मधल्या मोकळ्या जागेत दांडा तिच्या हातात तरंगत राहायचा, आणि मग कुठे तिसरा मिळायचा.

"हा जुनाच," ती म्हणाली. "मोकळा आहे. तिसरा शोधावा लागतो. बुश नीट बसलेले नाहीत, मिस्त्री."

बाकाकडून नुसता मिस्त्रीचा खोकला आला.

"ऐकलंत का? तिसरा शोधावा लागतोय."

"ताई," बाळ्या म्हणाला, "पट्टी काढ."

बाकावर नव्या बुशांसकट जुना दांडा पडलेला होता. डबी उघडी होती, मखमल रिकामी. तिच्या हाताखाली होता तो शॉर्ट शिफ्टर.

तिनं पुन्हा, उघड्या डोळ्यांनी, गिअर टाकून बघितले. दांडा घट्ट होता. कुठे तसूभर ढिलाई नव्हती. पहिला, दुसरा आणि चौथा खटकन बसत होते. आणि दुसऱ्यातून तिसऱ्याकडे जाताना तिचा स्वतःचा हात मध्येच थांबत होता. दांडा थांबत नव्हता. हात थांबत होता. तिनं तीनदा करून बघितलं आणि तीनदा तो थांबला, एखाद्या हट्टी पोरासारखा, दारात.

पाच आठवड्यांत आपला रविवार आला तेव्हाही आपण गाडी गावातच फिरवली, चढणीच्या रस्त्याला नेलीच नाही, हे तिला आत्ता आठवलं. दुकानात काम होतं, असं तिनं तेव्हा स्वतःलाच सांगितलं होतं. तिला स्वतःचा असा राग आला, की तो काढायला समोर बाळ्या होता हे बरंच झालं.

"मग? हस ना," ती त्याच्यावर ओरडली. "हस! मला येडी ठरवलंस, झालं समाधान?"

पण बाळ्या हसत नव्हता. तो शेजारच्या सीटवर येऊन बसला. मिस्त्री पुढे आला तसा त्यानं हातानंच त्याला थांबवलं.

"ताई, तो जुना दांडा तेव्हाही ठीकच होता," तो म्हणाला. "जरा ढिला होता, पण ठीक होता. मी घाई केली. चुकलं माझं."

आलं. पाच आठवडे जे हवं होतं ते वाक्य आलं. एकही विशेषण न लावता आलं. ताईनं वाट पाहिली, की आता छातीवरचा दगड उतरेल. तिनं मुठीवर हात ठेवला, क्लच दाबला, दुसरा टाकला, तिसऱ्याकडे नेला. हात थांबला.

"छे!" ती म्हणाली.

"आता काय?"

"काही नाही. तू चुकलं म्हणालास, याचं बरं वाटलं. पण या हाताला ते कळलेलं दिसत नाही."

"म्हणजे मी आता आणखी काय करू? साष्टांग नमस्कार घालू?"

"नको. पँट खराब होईल."

मिस्त्रीनं घड्याळाकडे बघितलं. पावणेपाच. "माझ्यापुरतं सांगा. कुठला ठेवू?"

"हिला विचारा," बाळ्या म्हणाला. "तिला जो हवा तो."

"त्याला विचारा. एवढा मागवलाय त्यानं."

"नाही, नाही, जुना ठेवू. तुझं बरोबर होतं, गिअर खरंच जवळ येतात."

"अरे, पण हा घट्ट बसतो. मीच आत्ता बघितलं."

"तू तर म्हणालीस ढिला आहे!"

"डोळे मिटून म्हणाले!"

पाच आठवडे एकमेकांच्या विरुद्ध लढलेली दोन माणसं आता एकमेकांच्या बाजूनं लढायला लागली, आणि आवाज आधीपेक्षा मोठा झाला. मिस्त्रीनं हात टेकले. "असं करू का," तो म्हणाला, "जो आत आहे तो राहू दे."

दोघांनी मुठीकडे बघितलं. आत शॉर्ट शिफ्टर होता. तो तिथे होता कारण ताईच्या तपासणीत त्याचा नंबर शेवटी लागला होता, याहून दुसरं काही कारण नव्हतं. फोटो, वाचन, बुश, डबी, या सगळ्याचा निकाल एवढाच.

"राहू दे," ताई म्हणाली.

मिस्त्रीनं बोल्ट शेवटचे आवळले, कातडी खोळ चढवली, जुना दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकला. बाळ्यानं खिशातून अर्ज काढून गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवला आणि सोबत पेन.

"सही?" त्यानं विचारलं. आवाजात जाहिरात नव्हती.

ताईनं अर्जाकडे बघितलं. सही करणं म्हणजे उद्या टाकीच्या वळणावर आधी त्याच्या शेजारी बसायचं आणि नंतर तोच तिसरा गिअर स्वतः टाकायचा. पहिलं तिला जमलं असतं, आत्ता तरी असं वाटत होतं. दुसऱ्याचं तिला सांगता येईना. आणि मुद्दाम उत्तर द्यायचं म्हणून उत्तर देणाऱ्यांशी ती कशी वागते, हे तिचं तिला माहीत होतं.

"क्लबपर्यंत मी चालवते," ती म्हणाली. "वाटेत तिसरा टाकते. एकदा जरी न थांबता पडला, तर तिथे उतरल्या उतरल्या सही करते."

"आणि नाही पडला तर?"

"तर नाही करणार. तुझ्यावर राग म्हणून नाही. मला तिथे वर जाऊन हात थांबलेला नकोय. शेजारी तू असणार आहेस."

बाळ्यानं पट्टा लावला. "चल मग. हमरस्त्यानं घे. तिथे तिसरा लागतोच."

पाच वाजता गाडी गॅरेजमधून निघाली. पहिला, दुसरा. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी आडवी. पहिला. पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनाचे पालक रस्ताभर. पहिला. हमरस्त्याला लागले तर एका बाजूला खोदकाम आणि त्यापुढे नजर पोचेल तिथपर्यंत शनिवारची बाजाराला निघालेली गर्दी. दुसरा, पहिला, दुसरा, पहिला. नवा दांडा प्रत्येक वेळी खटकन बसत होता. तिसऱ्याएवढा वेग मिळेल असा तुकडाच समोर येत नव्हता.

"डावीकडून घे, तिथे मोकळं आहे."

"तिथे बस आहे, बाळ्या."

"बस जाईल."

"बस थांब्यावर उभी आहे. माणसं चढतायत. त्यातल्या एकाच्या हातात कपाट आहे."

"कपाट?"

"लहान आहे. पण कपाटच आहे."

नवऱ्याचा फोन आला. बाळ्यानं घेतला. त्या बाईंना शेवटी दिसलं होतं, त्या दुसऱ्याच कुणाचा चष्मा घालून आल्या होत्या. बाळ्यानं हे ताईला सांगितलं. ती हसली नाही. तिचं लक्ष पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांवर होतं. ते विझले की ती क्लच दाबायची, हात मुठीवर घट्ट व्हायचा, आणि ते पुन्हा लाल व्हायचे.

"न्यूट्रलमधून नुसता टाकून बघ," बाळ्या म्हणाला. "उभ्या उभ्या."

"उभ्या उभ्या आज खूप झालं."

क्लबचं फाटक पुढच्या चौकापासून उजवीकडे. ते सहाच्या ठोक्याला बंद करतात, त्यात त्यांनी आजवर कुणाची गय केलेली नाही. चौकातल्या सिग्नलवर त्यांच्यापुढे ट्रक, एक रिकामी शाळेची बस आणि सायकलवर बसून फोनवर बोलणारा एक माणूस होता. चौकानंतर फाटकापर्यंतचा रस्ता सरळ आहे. तो मोकळा आहे की भरलेला, हे ट्रकमुळे दिसत नव्हतं.

सहाला आठ मिनिटं कमी होती. अर्ज पुढच्या काचेखाली होता, त्यावर एक सही होती. गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी होती आणि सिग्नल लाल होता.